दुर्बिणीचे ऑपरेशन झाल्यावरही घशाशी आंबट येते तेव्हा

‘डॉक्टर, पित्ताचे बिनटाक्याचे ऑपरेशन होऊन तीन वर्षे झाली. वर्षभर अगदी बरे होते. आता पुन्हा रात्री घशाशी आंबट येते, छाती जळते. ऑपरेशन फसले म्हणायचे का? पुन्हा करावे लागेल का?’

हा प्रश्न अलीकडे माझ्याकडे वरचेवर येऊ लागला आहे. विचारणाऱ्यांत दुकानदार आहेत, शिक्षिका आहेत आणि वेल्ह्याकडचे भातशेती करणारे शेतकरीही आहेत. काहींनी तर ठरवूनच टाकलेले असते, ‘एकदा बिघडले ना, मग दुसऱ्यांदा करून टाकू.’ काही जण याच्या अगदी उलट असतात. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो, तसे ते डॉक्टरचे नाव काढायला तयार नसतात आणि वर्षानुवर्षे खुर्चीत बसून झोपतात. माझ्या मते हे दोन्ही मार्ग चुकीचे आहेत. पहिले ऑपरेशन का बिघडले, किंवा मुळात बिघडले तरी आहे का, हे नक्की कळल्याशिवाय दुसऱ्याला हो म्हणू नये. आणि ते नक्की कळल्यावर दुसऱ्याला घाबरूही नये. आजच्या लेखात याबद्दल थोडे सविस्तर पाहू.

मुळात दुखणे काय आहे?

आपण खाल्लेला घास अन्ननलिकेतून खाली जठरात जातो. छाती आणि पोट यांच्यामध्ये स्नायूंचा एक पडदा असतो, त्याला श्वासपटल म्हणतात. या पडद्याला एक खिडकी असते आणि तिच्यातून अन्ननलिका पोटात उतरते. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला स्नायूंचे एक कडे असते. घास आला की ते उघडते आणि घास गेला की मिटते. हे कडे आणि श्वासपटलाची खिडकी मिळून एक झडप तयार होते. जठरातील आम्ल वर येऊ न देण्याचे काम ही झडप करते.

ही खिडकी सैल झाली की जठराचा वरचा भाग तिच्यातून छातीत सरकतो. यालाच हायेटस हर्निया म्हणतात. मग झडप नीट मिटत नाही आणि आम्ल वर येते. जठराच्या आतल्या अस्तराला आम्ल सोसते, पण अन्ननलिकेच्या नाजूक अस्तराला सोसत नाही. म्हणून छातीत जळजळ, करपट ढेकर, घशाशी आंबट पाणी, पहाटेचा कोरडा खोकला, आवाज बसणे असे प्रकार सुरू होतात. वाढते वय, पोटावरची चरबी, जुनाट खोकला, कुंथावे लागणारी बद्धकोष्ठता आणि बाळंतपणे या साऱ्यांनी ही खिडकी सैल व्हायला मदत होते.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट दिसते. आषाढात भाताची लावणी सुरू झाली की माणसे दिवसभर कमरेत वाकलेली असतात. सकाळी रिकाम्या पोटी कडक चहा, तोंडात तंबाखू किंवा मिश्री, दुपारी बांधावर घाईघाईने जेवण आणि लगेच पुन्हा वाकणे. भरल्या पोटी वाकले की पोटातला दाब वाढतो आणि सैल झडपेतून आम्ल वर उसळते. त्यामुळे लावणीच्या दिवसांत दवाखान्यात जळजळीचे रुग्ण वाढलेले मी दरवर्षी पाहतो.

मात्र जळजळ होणाऱ्या प्रत्येकाला हर्निया नसतो आणि हर्निया असणाऱ्या प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागत नाही. बहुतेकांचे दुखणे वजन उतरवून, रात्रीचे जेवण लवकर घेऊन, पलंगाची उशाकडची बाजू विटा लावून वीतभर उंच करून आणि योग्य औषध योग्य वेळी घेऊन आटोक्यात राहते. औषधांनी न भागणारे, औषध आयुष्यभर नको असणारे किंवा मोठा हर्निया असणारे थोडेच लोक शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचतात.

जठराचे उपरणे

या शस्त्रक्रियेचा जनक रुडॉल्फ निसेन हा जर्मन शल्यविशारद. तो ज्यू होता. हिटलरची राजवट आल्यावर १९३३ मध्ये त्याने जर्मनी सोडली आणि तुर्कस्तानात इस्तंबूलला काम धरले. तेथे एका रुग्णाच्या अन्ननलिकेचा खालचा भाग त्याला काढावा लागला. नवा जोड सुरक्षित राहावा म्हणून त्याने जठराचा भाग त्याच्याभोवती गुंडाळला. पुढे त्या रुग्णाला आम्ल वर येण्याचा त्रास झाला नाही, हे त्याच्या लक्षात राहिले. त्यावरून त्याने १९५५ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझल येथे खास आम्ल उसळण्याच्या दुखण्यासाठी ही शस्त्रक्रिया केली आणि १९५६ मध्ये ती प्रसिद्ध केली.

शस्त्रक्रियेचे तत्त्व सोपे आहे. छातीत सरकलेले जठर खाली ओढून आणायचे, श्वासपटलाची सैल खिडकी टाके घालून बेताची करायची आणि जठराचा वरचा सैल भाग अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती उपरण्यासारखा गुंडाळून शिवायचा. भाटघर धरणाचे स्वयंचलित दरवाजे आपण सर्वांनी पाहिले आहेत. पाणी वाढले की ते आपोआप उघडतात. इथे नेमके उलट घडते. जठरातला दाब वाढला की गुंडाळलेला भागही फुगतो आणि अन्ननलिकेचे दार आपोआप घट्ट मिटते.

पूर्वी यासाठी पोटावर मोठा छेद घ्यावा लागे. १९९१ मध्ये बेल्जियममधील लिएज येथे बर्नार्ड डालेमान्य यांनी हीच शस्त्रक्रिया लहान छिद्रांतून, दुर्बिणीच्या साहाय्याने केली. आपल्याकडे त्याच्या आदल्याच वर्षी, १९९० मध्ये, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची भारतातील पहिली शस्त्रक्रिया केली होती. दुर्बिणीचे तंत्र तेथून देशभर पसरले आणि पुढे जठराच्या या ऑपरेशनलाही लागू झाले.

येथे एक घोटाळा दूर करतो. आपल्याकडे ‘दुर्बीण’ हा एकच शब्द दोन गोष्टींना वापरतात. तोंडातून नळी घालून अन्ननलिका आणि जठर आतून पाहतात ती तपासणी, तिला गॅस्ट्रोस्कोपी म्हणतात. पोटावर अर्धा-एक सेंटिमीटरची चार-पाच छिद्रे पाडून करतात ते ऑपरेशन, म्हणजे लॅपरोस्कोपी. डॉक्टरांशी बोलताना ‘माझी दुर्बीण झाली आहे’ एवढेच सांगू नका. कोणती, ते सांगा. तसेच ‘पित्ताचे ऑपरेशन’ म्हणजे पित्ताशयातील खड्यांचे की जठराच्या झडपेचे, हेही स्पष्ट करा. खड्यांच्या ऑपरेशनने छातीतील जळजळ थांबेल अशी अपेक्षा धरणारे रुग्ण मला आजही भेटतात.

बिघडते ते कशाने?

टाके कितीही चांगले असले, तरी श्वासपटल हा स्वस्थ बसणारा अवयव नाही. श्वासागणिक तो खालीवर होतो. खोकला, ओकारी, कुंथणे, ओझे उचलणे या प्रत्येक वेळी त्याच्यावर ताण येतो. त्यामुळे ही शिवण काळाच्या ओघात सैल होऊ शकते. बिघाडाचे मुख्य प्रकार असे:

पहिला प्रकार सर्वांत जास्त दिसणारा. खिडकीचे टाके सैल होतात आणि गुंडाळलेला भाग तसाच्या तसा छातीत सरकतो.

दुसरा, गुंडाळी आपल्या जागेवरून घसरते आणि अन्ननलिकेऐवजी जठरावरच बसते. मग जठराचे दोन कप्पे पडल्यासारखे होतात आणि वरच्या कप्प्यातले आम्ल वर येत राहते.

तिसरा, गुंडाळी सैल होते किंवा सुटते.

चौथा, ती फार घट्ट किंवा पिळलेली राहते. यात जळजळीपेक्षा घास अडकण्याची तक्रार जास्त असते.

पाचवा, मूळ निदानच वेगळे असते. काही रुग्णांत अन्ननलिकेची घास पुढे ढकलण्याची ताकदच गेलेली असते आणि खालचे कडे सैल होत नाही. अन्न साचून कुजते, वर येते, आणि ते आम्लपित्त वाटते. अशा रुग्णात जठर गुंडाळले तर आगीतून फुफाट्यात पडल्यासारखे होते.

याखेरीज काही जणांची अन्ननलिका वर्षानुवर्षांच्या आम्लाने आखडून आखूड झालेली असते. ती पुरेशी सोडवून खाली आणली नाही, तर ताणलेल्या रबरासारखी ती जठराला पुन्हा वर खेचते.

तोरण्याच्या पायथ्याकडचे एक शेतकरी माझ्याकडे आले होते. वय पन्नाशीचे, अंग कष्टाने पिळदार. मोठ्या हर्नियासाठी त्यांचे शहरातील एका रुग्णालयात ऑपरेशन झाले होते, तेही जूनच्या अखेरीस. घरी आले तोवर चिखलणी सुरू झालेली. आठ दिवस पडून राहिले आणि तिसऱ्या आठवड्यात खताची गोणी पाठीवर घेतली. सहा महिन्यांनी जळजळ परतली. तपासणीत गुंडाळी छातीत सरकलेली आढळली. ती त्या गोणीनेच सरकली असे छातीठोक सांगता येणार नाही, कारण मोठ्या हर्नियात असे नुसतेही होते. पण मला खटकले ते वेगळेच. त्यांच्या घरी पाठवण्याच्या कार्डावर ‘सहा आठवडे जड वस्तू उचलू नये’ असे स्वच्छ लिहिलेले होते, इंग्रजीत. घरात ते वाचणारे कोणी नव्हते आणि वाचून दाखवायलाही कोणी सांगितले नव्हते. वाचकहो, रुग्णालयातून निघण्यापूर्वी कार्डावरची प्रत्येक ओळ मराठीत समजावून घ्या. तो तुमचा हक्कच आहे.

खरोखर बिघडले आहे का?

लक्षण परतले म्हणजे ऑपरेशन फसलेच, असे नाही. स्वीडनमध्ये ही शस्त्रक्रिया झालेल्या २,६५५ रुग्णांची नोंद संशोधकांनी तपासली आणि २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी ४७० जणांचा त्रास परतला होता, म्हणजे सुमारे १८ टक्के. पण या ४७० पैकी ३९३ जणांना पुन्हा नियमित औषध सुरू झाले एवढेच. दुसरे ऑपरेशन झाले ते फक्त ७७ जणांचे. त्रास परतला तरी बहुतेकांचा प्रश्न गोळीवर मिटला, हे यातून दिसते.

दुसरी एक गोष्ट त्याहून बोलकी आहे. मोठ्या हर्नियाच्या रुग्णांत शिवणीला जाळीचा आधार दिल्याने फायदा होतो का, हे अमेरिकेत तपासले गेले. सुमारे पाच वर्षांनी फोटो काढले तेव्हा जाळी लावलेल्या आणि न लावलेल्या, दोन्ही गटांत निम्म्याहून अधिक रुग्णांत थोडाफार हर्निया पुन्हा दिसला. तरी त्यांतल्या बहुतेकांना विशेष त्रास नव्हता आणि पुन्हा ऑपरेशन फारच थोड्यांना लागले. केवळ फोटोत हर्निया दिसतो म्हणून पोट उघडायचे नसते. उपचार रुग्णाचा करायचा असतो, फोटोचा नव्हे.

भोरमधील एक शिक्षिका दोन वर्षांनी जळजळ परतली म्हणून दुसऱ्या ऑपरेशनची तारीखच घेऊन आल्या होत्या. मी त्यांना आधी तपासण्या पूर्ण करा म्हटले. पुण्यात तपासण्या झाल्या. गुंडाळी जागच्या जागी आणि शाबूत होती. चोवीस तासांच्या आम्लमापनात आम्ल वर येतच नव्हते. मग जळजळ कशाची? काही जणांची अन्ननलिका हुळहुळी होते. दुखऱ्या दाताला साधे गार पाणीही झोंबावे, तशी तिला साध्या गोष्टींनी जळजळ जाणवते. हे ढोंग नाही आणि वेडही नाही, मज्जातंतूंची संवेदना वाढल्याचा तो परिणाम असतो. त्यावर थोड्या मात्रेची वेगळी औषधे असतात आणि पोटाने सावकाश श्वास घेण्याच्या व्यायामाचाही उपयोग होतो. या बाईंना त्यानेच उतार पडला. दुसरे ऑपरेशन झाले असते, तर पैसा गेला असता आणि जळजळ तशीच राहिली असती.

अशा रुग्णांची संख्या थोडी नाही. गोळ्यांनी जळजळ थांबत नाही म्हणून अमेरिकेत पाठवलेल्या ३६६ रुग्णांची छाननी झाली आणि २०१९ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतील ९९ जणांची जळजळ अशी हुळहुळेपणाची निघाली. आणखी ४२ जणांचा त्रास नुसती गोळी नीट वेळेवर दोन आठवडे दिल्यावर कमी झाला. सर्व चाळण्यांतून खऱ्या अर्थाने आम्लाचाच त्रास असलेले ७८ जण उरले, आणि त्यांच्यात मात्र शस्त्रक्रिया औषधांपेक्षा बरीच सरस ठरली. निवड नीट झाली की ऑपरेशन यशस्वी होते, असा याचा अर्थ.

‘गोळी नीट वेळेवर’ म्हणजे काय तेही सांगतो. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल यांसारख्या गोळ्या जेवणाआधी अर्धा तास घ्यायच्या असतात. जेवण सुरू झाले की जठर आम्ल तयार करू लागते आणि त्याच वेळी गोळी रक्तात पोहोचलेली हवी. जेवणानंतर, झोपताना किंवा फक्त जळजळ झाल्यावर घेतली तर तिचा निम्मा गुण वाया जातो. एका दुकानदारांना मी केवळ वेळ बदलायला सांगितली आणि दुकान बंद करून रात्री साडेदहाला जेवायची सवय सोडायला लावली. त्यांचे दुसरे ऑपरेशन टळले. अर्थात या गोळ्या वर्षानुवर्षे घ्यायच्या तर त्याही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. औषधाच्या दुकानातून मनाने आणून घेऊ नयेत.

कोणत्या तपासण्या हव्यात?

दुसऱ्या ऑपरेशनपूर्वी निदान चार गोष्टी व्हाव्यात.

गॅस्ट्रोस्कोपी: अन्ननलिकेला जखम आहे का, गुंडाळी आतून कशी दिसते, हे कळते.

बेरियमचा फोटो: खडूसारखे पांढरे औषध प्यायला देऊन क्ष-किरणांखाली ते कसे उतरते ते पाहतात. गुंडाळी कोठे आहे, पिळली आहे का, घास कोठे अडतो, याचे हे उत्तम चित्र. ही तपासणी जुनी आणि इतरांच्या मानाने स्वस्त आहे, पण तिचे महत्त्व आजही कमी झालेले नाही.

दाबमापन: नाकातून बारीक नळी घालून अन्ननलिकेच्या स्नायूंची ताकद मोजतात. मघाशी सांगितलेला पाचवा प्रकार यात सापडतो.

चोवीस तासांचे आम्लमापन: दिवसरात्रीत किती वेळा आणि किती वेळ आम्ल वर आले, याची नोंद होते.

गरजेप्रमाणे सीटी स्कॅन आणि जठर रिकामे व्हायला किती वेळ लागतो हे पाहणारी तपासणीही करतात. शेवटच्या दोन-तीन तपासण्यांसाठी आपल्याला पुण्याला जावे लागते. एक-दोन हेलपाटे पडतात, मजुरी बुडते, हे मला मान्य आहे. पण दुसऱ्या ऑपरेशनच्या तुलनेत हा खर्च आणि त्रास काहीच नाही.

याहून मोलाची एक वस्तू मात्र तुमच्या घरातच असते. ती म्हणजे पहिल्या ऑपरेशनची फाइल. गुंडाळी पूर्ण घातली होती की अर्धवट, जाळी लावली होती का, हर्निया केवढा होता, हे सारे ऑपरेशनच्या टिपणात असते. ते नसेल तर दुसरा सर्जन अंधारात चाचपडतो. नसल्यास पहिल्या रुग्णालयात अर्ज करून त्याची प्रत मागून घ्या.

दुसरे ऑपरेशन म्हणजे पहिल्याची नक्कल नव्हे

पहिल्या वेळी सर्जनला कोरी पाटी मिळते. दुसऱ्या वेळी आत सगळे एकमेकांना चिकटलेले असते. यकृत, जठर, श्वासपटल यांच्यात व्रणाचे पडदे तयार झालेले असतात. ते एकेक करून सोडवायचे, जुनी गुंडाळी उलगडायची, जठर छातीतून खाली आणायचे, अन्ननलिकेचा दोन-तीन सेंटिमीटर भाग ताण न देता पोटात राहील इतकी ती मोकळी करायची, खिडकी पुन्हा शिवायची आणि मग नवी गुंडाळी घालायची. अन्ननलिकेची ताकद कमी असेल तर पूर्ण वेढ्याऐवजी अर्धवट गुंडाळी घालतात. रुग्ण फार स्थूल असेल, तर गुंडाळीऐवजी जठराची वाट बदलण्याची वेगळी शस्त्रक्रिया काही वेळा अधिक योग्य ठरते.

नेदरलँड्समधील शल्यविशारदांनी जगभरातील ८१ अभ्यास एकत्र करून ४,५०९ रुग्णांचा आढावा २००९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर सुमारे ८१ टक्के रुग्णांना चांगला गुण आला होता. म्हणजे पाचांत चार. आकडा आशादायक आहे. पण त्याच आढाव्यात ऑपरेशन चालू असताना अडचण आलेले २१ टक्के, नंतर गुंतागुंत झालेले सुमारे १६ टक्के आणि दगावलेले १ टक्क्याच्या आत होते. अडचण म्हणजे काय? चिकटलेले सोडवताना जठराला किंवा अन्ननलिकेला भोक पडणे, प्लीहेतून रक्तस्राव, छातीच्या पोकळीत हवा शिरणे, किंवा जठराकडे जाणाऱ्या मज्जातंतूला इजा होऊन नंतर पोट फुगणे. काही वेळा दुर्बीण बाजूला ठेवून पोट उघडावेही लागते. तसे झाले तर सर्जन कमी पडला असे समजू नये, तो शहाणपणाचा निर्णय असतो.

म्हणून हे काम वरचेवर करणाऱ्या सर्जनकडेच जावे. त्यांना तीन प्रश्न जरूर विचारा. पहिले ऑपरेशन नेमके का बिघडले? अशी दुसऱ्या वेळची ऑपरेशने आपण किती केली आहेत? ऑपरेशन न केल्यास काय होईल? चांगला सर्जन या प्रश्नांनी रागावत नाही. पहिल्याचे नीट उत्तर मिळत नसेल, तर अजून तारीख घेऊ नका.

खर्चाचे म्हणाल तर आधी ससूनसारख्या सरकारी रुग्णालयाच्या शल्यविभागात कागद दाखवावेत. खासगी रुग्णालय ठरवले असल्यास महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपले ऑपरेशन बसते का, ते तेथील आरोग्यमित्राला दाखल होण्यापूर्वीच विचारावे. दाखल झाल्यावर विचारणाऱ्यांची फार ओढाताण होते.

आपले पंचांग पाहून

तोरण्याकडच्या त्या शेतकऱ्यांचे दुसरे ऑपरेशन झाले. या वेळी आम्ही तारीख शेताचे पंचांग पाहून धरली. भाताची कापणी-झोडणी उरकली, धान्य घरात आले, आणि मग. त्यामुळे पुढच्या लावणीपर्यंत हातात सहा महिने होते. त्यांच्या पत्नीला आणि मुलाला समोर बसवून मी पथ्याचा कागद मराठीत लिहून दिला. तोच येथे देतो.

पहिले काही दिवस पातळ पदार्थ: पेज, ताक, गाळलेले वरण, सूप. नंतर चार ते सहा आठवडे मऊ अन्न: आटवल, मऊ खिचडी, दुधात कुस्करलेली नाचणीची भाकरी. कोरडी भाकरी, पाव, मटणाचे तुकडे आणि गोळे होणारा चिकट भात इतक्यात नको. घास बारीक चावून, थोडा थोडा, दिवसातून पाच-सहा वेळा खावा. सुरुवातीला घास थोडा अडल्यासारखा वाटतो, ती सूज असते आणि ओसरते.

सोड्याच्या बाटल्या बंद. गुंडाळीमुळे ढेकर सहज येत नाही, हवा आत कोंडते आणि पोट फुगते.

ओकारी येऊ देऊ नये. मळमळ झाली की लगेच डॉक्टरांना कळवावे. नव्या शिवणीला पहिल्या दिवसांतील उमाळे फार घातक असतात. खोकला आणि बद्धकोष्ठताही वेळीच आवरावी.

सहा आठवडे घागर, गोणी, गवताचा भारा, लाकडाची मोळी काहीही उचलू नये. हर्निया मोठा असेल तर सर्जन सांगतील तितके दिवस आणखी. हलके चालणे मात्र पहिल्या दिवसापासून चांगले. तंबाखू, मिश्री, विडी यांना कायमचा रामराम.

त्या गृहस्थांना आता आडवे झोपता येते. दोन वर्षे ते भिंतीला टेकून झोपत होते. पोट थोडे फुगते, एका बैठकीत पूर्वीइतके जेवता येत नाही, हेही खरे. पुढच्या लावणीला वाकायचे काम मुलाने केले आणि हे बांधावर बसून राहिले. हे बसून राहणेच त्यांना सगळ्यात जड गेले असावे!

या लक्षणांत वाट पाहू नका

ऑपरेशन झालेले असो वा नसो, घास अडकणे वाढत जाणे, कारण नसताना वजन उतरणे, रक्ताची ओकारी, डांबरासारखी काळी शौच, किंवा रक्त कमी होणे यांपैकी काहीही आढळले तर गोळ्या खात बसू नये. लगेच तपासणी करावी. यामागे अल्सर किंवा कर्करोगही असू शकतो.

ज्यांचे हे ऑपरेशन झाले आहे किंवा ज्यांना मोठा हायेटस हर्निया आहे, त्यांच्या छातीत किंवा पोटाच्या वरच्या भागात अचानक तीव्र कळ आली, उमाळे येतात पण उलटी होत नाही, असे झाले तर जठर पिळले किंवा अडकले असण्याची शक्यता असते. अशा वेळी एक रात्रही थांबू नका. १०८ ला फोन करा.

आणि छातीत दुखून घाम सुटला, हात-जबडा भरून आला, तर ‘पित्त असेल’ म्हणून सोडा पिऊ नका. आधी हृदयाचा आलेख काढून घ्या. पित्त नंतरही पाहता येते.

ज्यांचे ऑपरेशन होऊन त्रास परतला आहे, त्यांनी आज एवढेच करावे. जुनी फाइल शोधून काढावी, गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यावी, रात्रीचे जेवण आणि झोप यांत तीन तासांचे अंतर ठेवावे. महिनाभरात फरक पडला नाही, तर ती फाइल घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जावे आणि कारण शोधायला सांगावे. तारीख त्यानंतर ठरवावी.